फँटसीच्या जगात अ‍ॅनिमिझम कसा वापरायचा: आधी नाती ठरवा, जादू मागून येते

फँटसी जग रचताना बरेच जण नोट्समध्ये एक ओळ लिहून ठेवतात, की या जगात झाडं, नद्या, दगड सगळ्यांत आत्मा आहे (यालाच अ‍ॅनिमिझम म्हणतात), आणि तिथेच थांबतात. मग कथेत काय होतं, तर जंगलात एक चमकणारं हरीण दिसतं, एखादं जुनं झाड दोन गूढ वाक्यं बोलतं आणि हिरो पुढे निघून जातो. आत्मे आहेत म्हणून कुणाच्या रोजच्या जगण्यात काडीचाही फरक पडत नाही, लाकूडतोड्या आपल्या जगात तोडलं असतं तसंच झाड तोडतो, कोळी तसेच मासे धरतो. माझं स्पष्ट मत आहे की आत्मा कशाकशात आहे हा प्रश्न नंतरचा, आधी हे ठरवा की माणसं त्याच्याशी वागतात कशी, कोण कुणाचं काय लागतं, कुणाचं कुणाकडे काय बाकी आहे. आत्म्यांची यादी केली की सजावट हाती लागते, नाती ठरवली की जादू, धर्म आणि प्लॉट तिन्ही त्यातूनच निघायला लागतात.

थोडी पार्श्वभूमी देतो, कारण ती सरळ कामाला येते. एडवर्ड टायलर या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञाने १८७१ मध्ये अ‍ॅनिमिझमची कल्पना धर्माच्या अभ्यासात रूढ केली, आणि त्याच्या मते ती धर्माची अगदी खालची पायरी होती, म्हणजे आधी आत्मे, मग अनेक देव, मग एक देव. अभ्यासकांनी ही शिडी केव्हाच सोडून दिली पण फँटसीत ती अजून ठाण मांडून बसलीय, जंगलातल्या टोळ्या आत्मे मानतात आणि शहरातल्या शिकलेल्या लोकांकडे मोठं मंदिर, पुरोहित, ग्रंथ. हा साचा आधी मोडा. जपानमध्ये ८ फेब्रुवारीला, काही भागांत ८ डिसेंबरला, मोडलेल्या शिवणाच्या सुया टोफूच्या मऊ तुकड्यात खोचून त्यांचे आभार मानतात, वर्षभर जाड कापडातून गेलेल्या सुईला शेवटी मऊ जागा मिळावी म्हणून. हा कारखान्यांचा, बुलेट ट्रेनचा देश आहे. तेव्हा तुमच्या जगात बंदरं, छापखाने, बँका असल्या तरी अ‍ॅनिमिझम तिथे खुशाल राहू शकतो, उलट तिथे तो जास्त इंटरेस्टिंग होतो.

दुसरा माणूस आयर्विंग हॅलोवेल, हाही मानववंशशास्त्रज्ञ. त्याने कॅनडातल्या ओजिब्वे आदिवासींमध्ये बरंच काम केलं होतं, आणि त्याने एका वृद्ध माणसाला विचारलं की आपल्या आजूबाजूला हे जे दगड दिसतायत ते सगळे जिवंत आहेत का? त्या माणसाने बराच वेळ विचार केला आणि म्हणाला, नाही, पण काही आहेत. हॅलोवेलने हे १९६० मध्ये लिहिलं आणि तेव्हापासून लोक त्या उत्तराकडे पुन्हापुन्हा वळतात, कारण त्यात सगळं आलं. सगळेच नाही, काही. आणि कोणते ते आधीपासून ठरलेलं नसतं, ते अनुभवातून कळतं, एखादा दगड समारंभात लोकांच्या मागे गडगडत आलेला कुणीतरी पाहिलेला असतो.

पहिलं काम: 'कुणीतरी' कोण आणि 'काहीतरी' काय

म्हणजे तुमच्या जगात हे 'काही' कसे ठरतात ते आधी ठरवा. सगळंच जिवंत असेल तर लेखक म्हणून तुम्ही अडकता, कारण मग कॅरेक्टरने पाय ठेवला तरी कुणाला तरी विचारायला हवं आणि कथा पुढे सरकत नाही. एक कसोटी निवडा, फार तर दोन. वय ही चांगली कसोटी आहे. जपानी लोककथांत शंभर वर्षं वापरलेल्या भांड्याकुंड्यांना, छत्र्यांना, वाद्यांना जीव येतो, आणि त्यातल्या एका जुन्या गोष्टीत शंभरी भरायच्या आत फेकून दिलेली अवजारं चिडून माणसांवर उलटतात. आता ही एकच कसोटी घेऊन पुढे विचार करत जा. नव्याण्णव वर्षांचं माठ कुणी विकत घेईल का? लोक शंभरी यायच्या आत वस्तू मुद्दाम फोडतील का, आणि ते पाप मानलं जाईल का? आजोबांचा करवत नातवाला हवा असतो पण करवताला नातू हवा आहे का? जुन्या वस्तूंचा चोर या जगात चोर की अपहरण करणारा? एका नियमातून बाजार, कायदा, वारसाहक्क सगळं हलायला लागतं, आणि हे हललं की समजा कसोटी बरोबर निवडलीय.

दुसऱ्या कसोट्या म्हणजे घटना (जिथे कुणी मेलं, जन्मलं, शपथ घेतली ती जागा), वापर (ज्या वाटेवरून लोक रोज जातात ती वाट), किंवा प्रतिसाद, म्हणजे तुम्ही बोललात आणि तिकडून काहीतरी आलं. मला शेवटची सगळ्यात आवडते. कारण त्यात शंका राहते. दोन माणसं एकाच दगडासमोर उभी असतात, एकाला वाटतं तो बोलला, दुसऱ्याला वाटतं वारा होता, आणि हा वाद सोडवायला वरून कुणी येत नाही.

दुसरं काम: त्यांच्या डोळ्यांनी बघा

इथे बहुतेक जण चुकतात ते असं, की नदीचा आत्मा म्हणजे निळ्या केसांची बाई, झाडाचा आत्मा म्हणजे सालीची कातडी असलेला म्हातारा. बाहेरून वेगळे पण आतून माणसंच, माणसांच्याच इच्छा. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातल्या अनेक समाजांच्या विचारात याच्या बरोबर उलट आहे: प्राण्यांची प्रत्येक जात स्वतःला माणूस समजते, तिचंही घर, नातेवाईक, समारंभ असतात, फक्त शरीर वेगळं म्हणून जग वेगळं दिसतं. जॅग्वारला आपलं रक्त दिसतं ते कसावा या कंदाची बिअर म्हणून. तो क्रूर नाहीये, तो त्याच्या मते पाहुणचार घेतोय. हा विचार ब्राझीलचे मानववंशशास्त्रज्ञ एदुआर्दो विवेइरोस दे कास्त्रो यांनी १९९८ च्या आसपास मांडला आणि फँटसी लिहिणाऱ्यासाठी तो सोन्याची खाण आहे.

तर प्रत्येक महत्त्वाच्या आत्म्यासाठी तीन गोष्टी लिहून काढा, त्याला काय चांगलं वाटतं, काय लागतं, आणि माणूस त्याला कसा दिसतो. उदाहरणासाठी मी एक नदी घेतो आणि पुढे तीच वापरतो. या नदीला पूर म्हणजे संकट नाही, वर्षातून एकदा ती पाय मोकळे करते. काठावरची शेतं तिला तिच्याच अंगणात कुणीतरी पसरून ठेवलेलं सामान वाटतं. माणसं तिला फार वेळ दिसतच नाहीत, इतकी चटकन येतात आणि जातात, म्हणून ती माणसांना चेहऱ्याने ओळखत नाही, घराण्याने ओळखते. बस, एवढ्यावर तुमच्याकडे एक अशी व्यक्ती तयार झाली जी वाईट नाही, चांगली नाही, आणि जिच्याशी बोलणी करणं अवघड आहे.

आणि हो, सुंदर गोष्टींनाच जीव देऊ नका. देवीचा रोग, बुरशी, डास, धान्यातला किडा, यांचंही कुणीतरी असू द्या. रोगाशी अदबीने बोलावं लागणारा वैद्य हा माझ्या मते मंत्र म्हणून रोग घालवणाऱ्या वैद्यापेक्षा दसपट चांगलं कॅरेक्टर आहे.

तिसरं काम: देणंघेणं, आणि त्यात सगळ्यात आधी अन्न

सगळ्यात मोठा पेच इथे आहे आणि मी लिहिणाऱ्यांना सांगेन की इथेच जास्तीत जास्त वेळ घालवा. ज्या जगात हरीण ही व्यक्ती आहे त्या जगात हरीण खायचं कसं? आर्क्टिकमधल्या एका इनुइट माणसाने क्नुड रासमुसेन या संशोधकाला नेमकं हेच सांगितलं होतं, की जगण्यातला सगळ्यात मोठा धोका हा आहे की माणसाचं अन्न म्हणजे निव्वळ आत्मे. याला प्रत्येक समाजाने वेगळं उत्तर शोधलं. उत्तर जपानमधल्या आयनु लोकांच्या मते अस्वल म्हणजे अस्वलाचा वेश घालून भेटीला आलेला देव, मांस आणि कातडी ही त्याने आणलेली भेट, म्हणून त्याला परत पाठवताना मानाने, भेटवस्तू देऊन पाठवायचं, म्हणजे तो तिकडे जाऊन इतरांना सांगेल की माणसं बरी आहेत, जात जा. इनुइटांकडे समुद्राच्या तळाशी सेडना ही समुद्राची देवी आहे, तिला बोटं नाहीत, माणसांनी नियम मोडले की ती घाण तिच्या केसांत अडकते, तिला स्वतःला केस विंचरता येत नाहीत, मग ती चिडून सील आणि व्हेल अडवून धरते. शमन, म्हणजे आत्म्यांशी बोलणी करणारा मध्यस्थ, समाधीत तळाशी जातो आणि तिचे केस विंचरतो. तेव्हा कुठे शिकार मोकळी होते.

हे नीट बघा. दुष्काळ आहे, समाज उपाशी आहे, आणि सगळ्यात ताकदवान जादूगार काय करतो तर एका दुखावलेल्या बाईचे केस विंचरतो. वीज नाही, मंत्राचा स्फोट नाही. आणि त्याच विधीत लोकांना जमून आपापल्या चुका कबूल कराव्या लागतात, म्हणजे जादूच्या सीनमध्येच सगळ्या वस्तीची भानगड बाहेर येते. एका प्रथेत जादू, धर्म आणि नाट्य एकत्र बसलंय, तुमच्या जगातली एखादी प्रथा अशी तिहेरी काम करते का ते तपासा.

तुमच्या समाजासाठी मागणं, घेणं, परत देणं आणि नियम मोडल्यावर काय, या चार जागा भरा. मागायचं कसं, किती घेतलं की जास्त, परत काय द्यायचं, आणि कुणी फसवलं तर शिक्षा त्यालाच होते का पूर्ण गावाला. शेवटचा मुद्दा विसरू नका, शिक्षा सगळ्यांना होत असेल तर शेजारी शेजाऱ्यावर लक्ष ठेवतो, आणि तुमचा समाज आपोआप कडक होतो.

जादू: ताकद अंगात नसते, ओळखीत असते

आता मॅजिक सिस्टिम. आत्म्याला बॅटरी बनवू नका. म्हणजे जादूगार अग्नीच्या आत्म्यातून पंचवीस पॉइंट खेचतो आणि गोळा फेकतो, यात अ‍ॅनिमिझम उरतच नाही, ते इंधन झालं. इथे जादू म्हणजे कुणाला तरी काहीतरी करायला सांगणं, आणि समोरचा नाही म्हणू शकतो. नकाराची शक्यता हीच तुमच्या सिस्टिमची सगळ्यात महत्त्वाची मर्यादा.

आपल्या नदीवर एक नावाडीण आहे असं धरा. तिच्या आईपासून घराण्याची नदीशी ओळख. गेल्या पुरात नदीने तिच्या दोन शेळ्या नेल्या, त्या हिच्या हिशेबात नदीकडे येणं आहेत, आणि हे येणं ती एकदाच वसूल करू शकते. ही तिची जादू. तिची हद्द कुठे संपते, तर खाली उपनदी मिळते तिथे, त्यापुढे तिला कुणी ओळखत नाही, ती साधी बाई. तिला ही विद्या पुस्तकातून शिकवता येत नाही, फार तर मुलीला नावेत बसवून ओळख करून देता येते. आणि आईने एक वचन दिलं होतं जे पाळलं गेलं नाही, ते देणं हिच्या डोक्यावर आहे, किती ते तिलाही नीट माहीत नाही. इथे शक्ती, मर्यादा, किंमत, वारसा सगळं आलं, एकही आकडा न वापरता.

यातून मोठ्या प्रमाणावर काय होतं ते तर फारच भारी आहे. जादू ओळखीवर चालत असेल तर परक्या मुलखात घुसलेल्या सैन्याकडे जादूच नसेल, आणि घर राखणाऱ्याकडे डोंगर, धुकं, चिखल सगळे असतील. मग जिंकणारे काय करतील? स्थानिक घराण्यांत लग्नं लावतील, म्हणजे ओळख मिळेल. मध्यस्थांची मुलं ओलीस ठेवतील. जुनी झाडं आधी तोडतील, किल्ला नंतर घेतील. एखाद्या टेकडीचा ओळखीचा दगड उचलून राजधानीत नेऊन ठेवतील, आणि तो तिथे बोलेल का रुसेल हा वेगळाच प्रश्न. निर्वासित चुलीतले निखारे भांड्यात जपत नेतील कारण नव्या जागेत ओळखीचं असं तेवढंच. जादूची शाळा असेल तर ती मंत्र शिकवणार नाही, नव्या जागी स्वतःची ओळख कशी करून द्यायची, किती दिवस गप्प राहायचं, कुणाचं नाव आधी घ्यायचं हे शिकवेल, आणि तिथून पास झालेला माणूस नेमणुकीच्या जागी पहिलं वर्षभर काहीच करू शकणार नाही. रस्ता बांधणाऱ्यांच्या टीममध्ये मोजणी करणाऱ्यासोबत बोलणी करणारा असेल आणि दोघांचं भांडण ठरलेलं.

रूप बदलण्याची जादू हवी असेल तर सायबेरियातल्या युकागिर शिकाऱ्यांकडे बघा, ते एल्क या मोठ्या हरणाची नक्कल करत, त्याच्यासारखे हलत त्याच्या जवळ जातात, आणि त्यात खरी भीती ही मानतात की नक्कल इतकी जमेल की माणूस परत यायचं विसरेल. किंमत म्हणून रक्त किंवा आयुष्य घेण्यापेक्षा हे किती नेमकं आहे बघा, जितका कुशल तितका धोक्यात.

धर्म म्हणून

धर्मासाठी मोठं मंदिर आणि मुख्य पुरोहित लागतोच असं नाही, पण कुणीतरी हिशेब ठेवणारं लागतं, कोणत्या आत्म्याला केव्हा काय द्यायचं, कुठली वाट केव्हा बंद. हे काम कुणाकडे आहे ते ठरवा, घरातल्या थोरल्या बाईकडे, गावाने नेमलेल्या माणसाकडे, का फिरत्या शमनकडे, आणि ते काम लोकांना हवंसं वाटतं का नकोसं. कितीतरी ठिकाणी शमन होणं हे आजारपणातून आलेलं, टाळता न आलेलं ओझं मानलं जातं.

मोठा देव आणि छोटे आत्मे एकत्र असतील तर त्यांची भांडणं दाखवा. रोमन परंपरेत गोष्ट आहे, कॅपिटोल टेकडीवर ज्युपिटरचं मंदिर बांधायचं ठरलं तेव्हा तिथल्या छोट्या देवस्थानांना कौल लावून विचारलं की हलणार का. बाकीचे हलले, टर्मिनस, म्हणजे हद्दीच्या दगडाचा देव, नाही म्हणाला. मग त्याचा दगड मंदिराच्या आतच ठेवला आणि त्याला उघडं आकाश लागतं म्हणून वरच्या छताला भोक ठेवलं. साम्राज्याच्या सगळ्यात मोठ्या देवाच्या छताला एका दगडासाठी भोक! अशी एक वास्तू तुमच्या राजधानीत असली तर तिथल्या सत्तेचा सगळा इतिहास वाचकाला एका परिच्छेदात कळतो. याच टर्मिनसला २३ फेब्रुवारीला शेजारी-शेजारी शेतकरी आपापल्या बाजूने हार घालायचे, म्हणजे हद्दीवरून भांडणारे दोघं वर्षातून एकदा त्याच दगडापाशी भेटणार.

कायदाही यात येतो. २०१७ मध्ये न्यूझीलंडच्या संसदेने व्हांगानुई नदीला कायद्याने व्यक्तीचा दर्जा दिला, स्थानिक माओरी लोक तिला आपला पूर्वजच मानतात, आणि तिच्या वतीने बोलायला दोन जण नेमायची सोय केली, एक सरकारकडून, एक माओरींकडून. फँटसीत हाच धागा पुढे ओढा. दोघांचं जमलं नाही तर? नदी स्वतः बोलू शकत असेल आणि दोघांनाही खोटं पाडलं तर? कोर्टात नदीची साक्ष घ्यायला सगळ्यांनी गुडघाभर पाण्यात उभं राहायचं का?

आणि नास्तिक. अशा जगात नास्तिक म्हणजे आत्मे नाहीत म्हणणारा नव्हे, ते तर समोर दिसतायत. इथला नास्तिक म्हणजे मी यांचं काही देणं लागत नाही म्हणणारा. हे कॅरेक्टर नक्की घ्या आणि त्याला मूर्ख बनवू नका, त्याच्याकडे चांगली कारणं असू द्या, उदाहरणार्थ ज्याचं मूल नदीने नेलं आणि ज्याला नंतर त्याच नदीला फुलं वाहायला सांगितलं.

सीन लिहिताना

समजावून सांगू नका, वागण्यातून येऊ द्या. असं काहीतरी:

नावाडीण दोर सोडते. वल्हं पाण्यात टाकायच्या आधी त्याची पात ओल्या हाताने पुसते आणि खाली बघून म्हणते, "तिघं आहेत. एक ओळखीचा, दोघं परके. परक्यांची जबाबदारी माझी." परक्यांतला एक जण हसतो. ती त्याला विचारते, "वरच्या अंगाचं काही घेऊन निघालायस का?" तो नाही म्हणतो. मधल्या धारेत नाव थांबते. पाणी दोन्ही बाजूंनी वाहतंय, नाव जागची हलत नाही. ती वल्हं आत घेऊन मांडीवर आडवं ठेवते. "आता परत विचारते."

यात काहीही चमकत नाही, नदी एक शब्द बोलत नाही, तरी वाचकाला कळतं की नदी आहे, ती ऐकते, तिला खोटं चालत नाही आणि नावाडणीने परक्यांची हमी घेतलीय म्हणजे आता ती पण अडकलीय. आत्म्याला बोलायला लावण्यापेक्षा त्याने काय केलं ते दाखवणं जवळजवळ नेहमीच जास्त परिणाम करतं.

उसनं घेताना

रोमन सोडले तर वर मी ज्या समाजांची उदाहरणं दिली ते आजही आहेत, त्यांची श्रद्धा जिवंत आहे, म्हणून त्यांची नावं, मुखवटे, विधी उचलून आपल्या जगात चिकटवू नका. घ्यायचं ते कामाची पद्धत: दुखावलेल्याची सेवा करणं, पाहुण्याला मानाने परत पाठवणं, छताला भोक ठेवणं. मग ती पद्धत तुमच्या जगाच्या हवामानात, धंद्यांत, घरांत रुजवा. वाळवंटात हिशेब विहिरीशी असेल, बंदरात दोरखंडांशी आणि वाऱ्यांशी. पाच संस्कृतींचे पाच तुकडे जोडून एक टोळी बनवली तर ती कुठलीच वाटत नाही. आणि आत्मे मानणारे म्हणजे भोळे, शुद्ध, निसर्गाशी एकरूप असलेले लोक असंही रंगवू नका, नाती असली की फसवणूक, लाचलुचपत, पक्षपात, जुनी खुन्नस सगळं येतं, या लोकांतही येऊ द्या.

लिहायला बसाल तेव्हा नकाशाच्या आधी एका सामान्य माणसाचा एक दिवस लिहा, कुंभार, सुईण, खाणकामगार, कुणीही चालेल, सकाळपासून रात्रीपर्यंत तो कुणाला विचारतो, कुणाचे आभार मानतो, कुणाला टाळून लांबच्या वाटेने जातो, कुणाला फसवतो. मग त्यातून सगळे आत्मे खोडून तो दिवस परत वाचा. दिवस तसाच राहिला तर अजून नाती ठरलेली नाहीत, परत पहिल्या कामाकडे जा. दिवस कोलमडला, त्याला माती कुठून आणायची, भट्टी केव्हा पेटवायची हेच कळेनासं झालं, तर आता खुशाल नकाशा काढायला घ्या.